काचपेटींतील बालसंगोपन

लहान जीव वाढविण्याची विद्या आपल्याला उपजतच येते, असा प्रत्येक संसारी माणसाचा गोड समज असतो. आमचाहि तसाच होता. पाव इंचाहूनहि लहान अशा ४३ बाळांनीं अवघ्या आठ दिवसांत तो समज दूर केला. हीं बाळें माशांचीं होतीं. त्यांतील ३४ आमच्या घरांत, आमच्या डोळ्यांदेखत आणि, प्रांजळपणें सांगावयाचें तर, आमच्याच हातून मेलीं. पुढें दुसऱ्या खेपेस ३६ पैकीं ३१ पिलें वांचलीं. या दोन खेपांमधील अंतर कशामुळें पडलें, तें वाचकांपुढें मांडावें असें मनांत आहे. ज्यांच्या घरीं मुलांनीं काचपेटीसाठीं हट्ट धरला असेल, आणि विशेषतः ज्यांच्या घरांत माणसांचा राबता मोठा असेल, त्यांना या हकीकतीचा कांहीं उपयोग होईल अशी आशा आहे.

पाटांतील पाहुणे

आमच्या थोरल्या वहिनींचें माहेर गोव्यांत फोंड्याच्या बाजूस आहे. सुपारी, नारळ, केळी आणि मिरवेली यांनीं गच्च भरलेल्या बागायतीस तिकडे कुळागर म्हणतात, आणि झऱ्याचें पाणी लहान लहान पाटांनीं त्या कुळागरांतून खेळविलेलें असतें. गतवर्षीं दिवाळीच्या सुटींत आम्ही सर्व मंडळी तेथें गेलों असतां मुलांना त्या पाटांत कांहीं मासे दिसले. पाण्याच्या पृष्ठभागाच्या अगदीं लगत, काडी तरंगावी तसे ते निश्चल असत. वरून एखादी मुंगी पडली कीं क्षणांत झडप घालून पुनः आपल्या जागीं येत. त्यांच्या माथ्यावर मधोमध चांदीच्या टिकलीसारखा एक ठिपका लकाकत होता. मलयाळी लोक या माशाला 'मानत्तुकण्णी', म्हणजे आभाळाकडे डोळे लावलेला, असें म्हणतात. आणि त्याच्या एका भाऊबंदाला बंगालमध्यें 'तेचोखा', म्हणजे तीन डोळ्यांचा, असें नांव आहे. हीं नांवें ठेवणाऱ्यांची दृष्टि किती सूक्ष्म होती, तें हा मासा पाण्यांत पाहिल्यावरच कळतें.

शास्त्रीय भाषेंत याला अप्लोकायलस लिनिएटस म्हणतात. १८४६ सालीं व्हॅलेन्सियेन या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. पूर्ण वाढलेला मासा सुमारें १० सेंटिमीटरपर्यंत भरतो. नराच्या अंगावर सोनेरी-हिरव्या खवल्यांच्या ओळी असतात. मादी अंमळ लहान व फिकी असून तिच्या अंगावर मागील बाजूस काळसर उभे पट्टे अधिक स्पष्ट दिसतात. बाजारांत 'गोल्डन वंडर' या नांवानें जो पिवळाधमक मासा मिळतो, तो याच जातीचा, माणसानें निवडीनें तयार केलेला प्रकार होय. आम्हीं मात्र वहिनींच्या बंधूंच्या परवानगीनें पाटांतलेच तीन मासे, एक नर व दोन माद्या, बरोबर घेतले आणि पुण्यास आणले.

या सर्व वर्गाला इंग्रजींत 'किलीफिश' म्हणतात. तें नांव ऐकतांच मातोश्रींनीं हातांतील पोथी खालीं ठेवली. "म्हणजे मारणारा मासा कीं काय? असला मासा घरांत कशाला?" असा त्यांचा प्रश्न होता. त्याचें उत्तर आमच्या अकरा वर्षांच्या पुतणीनें शोधून काढलें. डच भाषेंत 'किल' म्हणजे लहानसा ओढा. त्या ओढ्यांतला तो किलीफिश. "आजी, म्हणजे हा खरोखरच पाटांतला मासा झाला," असें तिनें सांगितल्यावर मातोश्रींचें समाधान झालें, आणि त्या दिवसापासून मासे पुतणीचे ठरले.

या वर्गांत १२०० हून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत, आणि कांहींचें चरित्र तर एखाद्या पुराणकथेंत शोभावें असें आहे. मोझांबिक व झिंबाब्वे या देशांत पावसाच्या पाण्यानें भरणाऱ्या डबक्यांत नोथोब्रँकियस फर्झेरी नांवाचा मासा राहतो. डबकें आटलें कीं तेथील सर्व मासे मरतात. परंतु चिखलांत पुरलेलीं त्यांचीं अंडीं पुढील पावसाची वाट पाहत महिनेच्या महिने जिवंत राहतात. पाऊस पडला कीं पिलें बाहेर येतात आणि इतक्या त्वरेनें वाढतात कीं, २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणें, १४ दिवसांचें पिलूं स्वतः प्रजेस जन्म देण्यास समर्थ होऊं शकतें! आपल्याकडील मासा इतका उतावीळ नाहीं. बारमाही पाण्यांत राहणाराला घाई कशाची? तो सावकाश, सुमारें सहा महिन्यांत वयांत येतो. नवशिक्या गृहस्थाला म्हणूनच तो अधिक सोईचा.

अंडीं आणि लोकर

हे मासे एकाच वेळीं अंड्यांचा ढीग घालीत नाहींत. मादी रोज थोडथोडीं अंडीं पाणवनस्पतींच्या मुळ्यांत घालते आणि हा क्रम कित्येक दिवस चालूं राहतो. अंडें सुमारें दोन मिलिमीटर व्यासाचें, काचेच्या मण्यासारखें पारदर्शक, आणि चिकट तंतूंनीं मुळ्यांना अडकलेलें असतें. तें तेथेंच राहूं दिलें तर आईबापच खाऊन टाकतात. ही गोष्ट प्रथम कानांवर आली तेव्हां घरांतील स्त्रीवर्गाला मोठा धक्का बसला. परंतु पाण्यांतील व्यवहार असाच आहे, त्याला आपल्या नीतीचे नियम लावून उपयोग नाहीं.

अंडीं गोळा करण्याची जी युक्ति जगभरचे हौशी लोक वापरतात ती फार सोपी आहे. गडद हिरव्या रंगाच्या लोकरीचे वीतभर लांबीचे पन्नास-साठ धागे घ्यावे, मध्यभागीं बांधून त्यांचा गोंडा करावा आणि तो बुचाला अडकवून पाण्यावर तरंगत सोडावा. माद्यांना तो मुळ्यांचा झुबका वाटतो. लोकर मात्र मेंढीची नको, कारण ती पाण्यांत कुजते. कृत्रिम धाग्याची हवी, आणि तीहि एकदां उकळून घ्यावी, म्हणजे सुटा रंग निघून जातो. मातोश्रींच्या विणकामाच्या पिशवींतून हा माल विनाविलंब मिळाला.

फाल्गुनांत, थंडीचा कडाका ओसरल्यावर, पुतणीनें रोज सायंकाळीं गोंडा उचलून त्यांतील अंडीं वेंचण्यास आरंभ केला. या अंड्यांचें कवच इतकें घट्ट असतें कीं, तीं बोटांच्या चिमटींत धरतां येतात. वेंचलेलीं अंडीं एका उथळ भांड्यांत ठेवून पाण्यांत बुरशी मारणाऱ्या मेथिलीन ब्लू या औषधाचा इतकाच अंश घालावा कीं, पाण्याला आकाशासारखी फिकी निळी झांक यावी. जें अंडें दुधासारखें पांढरें होईल तें निकामी. तें लगेच काढून टाकावें, नाहींतर त्याची बुरशी शेजाऱ्यांना लागते. पाण्याची उष्णता २५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवल्यास बारा ते चौदा दिवसांनीं पिलें बाहेर येतात. त्यापूर्वीं कांहीं दिवस अंड्यांच्या आंत दोन काळेभोर डोळे दिसूं लागतात. पुतणीनें भिंग घेऊन ते प्रथम पाहिले, त्या दिवशीं आमच्या घरांत एखाद्या बारशाच्या आदल्या दिवसासारखी गडबड होती.

पहिली खेप

४३ पिलें बाहेर आलीं. काचेच्या तंतूला दोन डोळे लावावे तशीं तीं दिसत. आणि जन्मल्याबरोबर आईबापांसारखींच पृष्ठभागाशीं येऊन आभाळाकडे पाहूं लागलीं. त्यांना दहा लिटरच्या एका स्वतंत्र भांड्यांत ठेवलें. सर्व जाणकार लहान पिलांना जिवंत अन्न द्या असें सांगतात. परंतु आमचें घर शाकाहारी, जिवंत किडे घालण्याची कल्पना मातोश्रींना रुचेना, आणि खरें म्हणजे आम्हांलाहि ती यातायात नको होती. म्हणून बाजारांतील सुकें खाद्य वस्त्रगाळ करून त्याची चिमूट सकाळीं व सायंकाळीं पुतणीनें घालावी, असें ठरलें.

तिसऱ्या दिवशीं पाण्याला किंचित् धुकट रंग आला. पांचव्या दिवशीं तळाशीं पांढरट थर दिसूं लागला आणि सात पिलें कमी भरलीं. आठव्या दिवशीं सकाळीं नऊच पिलें हालत होतीं.

त्या वेळीं आम्हीं जें केलें तें लिहितांना आजहि लाज वाटते. आम्हीं पुतणीला हांक मारली आणि सर्वांच्या देखत म्हटलें, "एवढेंसें काम तुझ्यावर सोंपविलें, तेंहि तुला जमलें नाहीं?" ती कांहीं बोलली नाहीं. त्या रात्रीं ती जेवलीहि नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आमचे एक स्नेही, जे प्राणिशास्त्राचे अध्यापक आहेत, सहज घरीं आले होते. त्यांनीं भांड्यावर वांकून वास घेतला, एका बाटलींत थोडें पाणी घेऊन त्यांत परीक्षेच्या औषधाचे थेंब टाकले, आणि पिवळें राहावयाचें तें पाणी गर्द हिरवें झालेलें दाखविलें. पाण्यांत अमोनिया झाला होता. न खाल्लेलें अन्न तळाशीं कुजलें कीं तो उत्पन्न होतो आणि माशांचे कल्ले जाळतो. पिलांचे तर पाहतां पाहतां. जुन्या काचपेटींत त्याचें निर्मूलन करणारे जंतु वाळूवर व गाळणींत वस्ती करून असतात. परंतु ही वस्ती होण्यास कित्येक आठवडे लागतात, आणि आमचें भांडें तर आठ दिवसांचें होतें. "हीं पिलें उपाशीं मेलीं नाहींत," स्नेही म्हणाले, "जेवून मेलीं. यांना खाऊं कोण घालतें?"

पुतणीनें आपली वही आणून दिली. तींत पहिल्या दिवसापासून सकाळ-सायंकाळची नोंद होती. एकहि चिमूट अधिक नव्हती. मग आम्ही सर्व एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. मातोश्रींनीं सांगितलें कीं, देवपूजा झाल्यावर मुक्या जीवांना आपण रोज दोन दाणे घालीत होतों. वहिनी दुपारीं तेथून जातां-येतां घालीत. बंधु कचेरींतून आल्यावर घालीत. धाकटा पुतण्या मित्रांना गंमत दाखविण्यासाठीं घाली. आणि रात्रीं सर्व निजल्यावर, वाचतां वाचतां मन रमावें म्हणून, एक चिमूट आम्ही स्वतः घालीत होतों. प्रत्येकाचा समज असा कीं, आपणच तेवढे मायाळू. दोन चिमटींच्या जागीं सात चिमटी पडत होत्या, आणि त्यांतली एकहि निर्दयपणें घातलेली नव्हती!

त्याच सायंकाळीं आम्हीं सर्वांसमक्ष पुतणीची क्षमा मागितली. जिच्यावर आळ आला तीच काय ती नियमानें वागलेली होती. वडील माणसांनीं लहानांची क्षमा मागूं नये, अशी एक समजूत आपल्या घरांत असते. चूक सर्वांदेखत बोललों होतों, तेव्हां तिची दुरुस्तीहि सर्वांदेखतच होणें प्राप्त होतें. ती इतकेंच म्हणाली, "काका, आतां डबा माझ्याकडे राहूं द्या." खाद्याचा डबा तिच्या कपाटांत गेला, आणि त्याची किल्ली तिच्या दप्तरांत.

जिवंत अन्नाचा प्रश्न

दुसऱ्या खेपेपूर्वीं अन्नाचा प्रश्न सोडविणें भाग होतें. सुकी पूड पाण्यांत पडतांच कुजूं लागते, आणि नुकतें जन्मलेलें पिलूं हालणाऱ्या वस्तूवरच झडप घालतें. निश्चल पडलेला कण त्याला अन्न वाटतच नाहीं. जिवंत अन्न खाल्लें जाईपर्यंत पोहत राहतें, म्हणून पाणी नासत नाहीं. जुन्या पुस्तकांत उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यांतून पिळून घालावा असेंहि सांगितलेलें आढळतें. परंतु आमच्यासारख्या घरांत तो येणें नाहीं, आणि पाणी नासविण्यांत त्याच्याइतकी दुसरी वस्तु नाहीं.

मातोश्रींचा आक्षेप सरळ होता. "एकाला जगविण्यासाठीं दुसऱ्याला मारावयाचें, हा कोठला धर्म?" या प्रश्नाला आमच्याजवळ चोख उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं. पाटांत राहिला असता तर मासा तेंच खाता, हें खरें. पण पाटांतून त्याला आणलें कोणीं, हेंहि तितकेंच खरें. अखेर मातोश्रींनींच तोड काढली. आणलें आहे तर त्यांना त्यांचें अन्न मिळालें पाहिजे. मात्र त्यांचीं भांडीं स्वयंपाकघराच्या मोरींत धुवावयाचीं नाहींत, आणि घरांतल्या बरणींतलें मीठहि घ्यावयाचें नाहीं. ही तडजोड सर्वांना मान्य झाली.

पहिले चार दिवस पिलांना सूक्ष्म जंतूंचें पाणी द्यावें. तें करण्यास एका काचेच्या बरणींत जुन्या काचपेटींतील पाणी घेऊन त्यांत कोबीचें एक पान किंवा उकळलेला थोडा पेंढा टाकावा आणि बरणी फडक्यानें झांकून उजेडांत ठेवावी. पाणी प्रथम दुधी होतें. तीन ते पांच दिवसांत तें पुनः निवळूं लागलें कीं, भिंगांतून धुळीच्या कणांसारखे सजीव बिंदु फिरतांना दिसतात. त्यांतील पॅरामिशियम हा बहुतेकांनीं शाळेच्या पुस्तकांत पाहिलेलाच असेल. या पाण्याचे वीसपंचवीस थेंब ड्रॉपरनें पिलांच्या भांड्यांत सोडावे. पाण्याला सडका वास येऊं लागला तर तें फेंकून नवें करावें.

त्यानंतरचें, किंबहुना धट्टीं पिलें असतील तर पहिल्या दिवसापासूनचें, सर्वोत्तम अन्न म्हणजे आर्टेमिया या खाऱ्या पाण्यांतील कोळंबीसारख्या प्राण्याचीं नुकतीं जन्मलेलीं पिलें. त्याचीं वाळलेलीं अंडीं डबीबंद मिळतात. त्यांतील पुष्कळशीं अमेरिकेंतील युटा प्रांताच्या ग्रेट सॉल्ट लेक या सरोवरांतून येतात. परंतु हा जीव आपल्यालाहि परका नाहीं. मुंबईच्या मिठागरांत तो आढळल्याची नोंद १९५३ सालीं झालेली आहे. एक लिटर पाण्यांत २५ ते ३० ग्रॅम खडेमीठ विरघळवून त्यांत पाव चमचा अंडीं टाकावीं आणि हवेच्या लहान पंपानें तें पाणी सारखें ढवळत ठेवावें. २७ अंशांच्या आसपासच्या उष्णतेंत एक ते दीड दिवसांत पिलें निघतात. मग हवा बंद करून भांड्याच्या एका अंगास दिवा धरावा. पिलें उजेडाकडे धांव घेतात व टरफलें वर तरंगतात. नारिंगी ढग जमला कीं तो नळीनें बारीक फडक्यावर घ्यावा, गोड्या पाण्यानें धुवावा आणि ताबडतोब खाऊं घालावा. टरफलें मात्र पिलांच्या पोटांत जाऊं देऊं नयेत; त्यांनीं आंतडें तुंबतें. गोड्या पाण्यांत आर्टेमिया कांहीं तासांत मरतो, म्हणून येथेंहि मापच महत्त्वाचें.

या अन्नाचा एक मोठा गुण असा कीं, जेवण झाल्याची पावती लगेच मिळते. पिलांचें अंग पारदर्शक असल्यामुळें पोट भरलें कीं तें नारिंगी मण्यासारखें दिसतें. ज्या मातोश्री प्रथम भांड्याकडे पाठ फिरवून बसत, त्याच पुढें रोज सकाळीं चष्मा लावून पोटें मोजूं लागल्या.

येथें एक धोक्याची सूचना अवश्य दिली पाहिजे. डासांच्या अळ्या हें माशांचें आवडतें अन्न असल्यामुळें गच्चीवर पाण्याची बादली उघडी ठेवून त्या घरींच तयार कराव्या, असें कित्येकांना सुचतें. आमच्या धाकट्या पुतण्यालाहि तें सुचलें होतें. उन्हाळ्याच्या उबेंत अळीचा डास होण्यास आठवडाभर पुरतो. सहलीला गेलों आणि बादली विसरलों कीं डेंग्यूचा प्रसार करणारे डास आपल्याच घरीं जन्माला आलेच. हा उद्योग करूं नये.

दुसरी खेप

चैत्रांत ३६ पिलें निघालीं. या वेळीं जे नियम पाळले ते थोडक्यांत सांगतों.

खाऊं घालणारा हात एकच असावा. पुतणीनें दिवसांतून चार वेळां, परंतु प्रत्येक वेळीं अगदीं थोडें, पांच मिनिटांत संपेल इतकेंच अन्न दिलें आणि प्रत्येक वेळीं वहींत टीप केली. ज्या दिवशीं तिची शाळेंत परीक्षा होती, त्या दिवशीं तिनें वही व किल्ली वहिनींच्या स्वाधीन केली आणि सायंकाळीं परत मागून घेतली.

पाणी रोज एकदशांश बदलावें. बारीक नळीनें तळाचा गाळ ओढून घेऊन तें पाणी पांढऱ्या बादलींत सोडावें, म्हणजे चुकून गेलेलें पिलूं दिसतें व परत ठेवतां येतें. नवें पाणी उघड्या भांड्यांत एक दिवस ठेवून त्यांतील क्लोरीन उडून गेलेलें आणि त्याच उष्णतेचें असावें. आम्हीं मोठ्या काचपेटींत महिनाभर चाललेली स्पंजाची गाळणी उचलून पिलांच्या भांड्यांत ठेवली, त्यामुळें हितकारक जंतूंची वस्ती पहिल्या दिवसापासून मिळाली. हवेचा झोत मात्र मंद ठेवावा. जोराच्या प्रवाहांत पिलें थकून जातात. पाण्याची खोली चार बोटांहून अधिक नको. पुण्याला थंडींत हा उद्योग करणाऱ्यानें उष्णता राखणारा लहान विजेचा हीटर लावल्यावांचून आरंभ करूं नये.

आकारानुसार पिलांची निवड करावी. अंडीं रोज थोडथोडीं घातलेलीं असल्यामुळें पिलेंहि निरनिराळ्या दिवशीं जन्मतात. दहा दिवसांचें पिलूं तीन दिवसांच्या भावंडाला गिळतें. दर रविवारीं पुतणी व तिचा धाकटा भाऊ लहान वाटीनें पिलें उचलून त्यांचीं मोठीं, मधलीं व लहान अशीं तीन बिऱ्हाडें करीत. जाळीपेक्षां वाटी बरी; जाळींत कोवळें अंग दुखावतें.

शेवटचा नियम झांकणाचा. हा मासा उडी मारण्यांत पटाईत आहे. आमच्या ३६ पैकीं पांच गेलीं, त्यांतील तीन पहिल्या आठवड्यांत अशक्तपणानें गेलीं. दोन मात्र चांगलीं बोटभर होऊन एका रात्रीं झांकण सरकलेलें राहिल्यामुळें जमिनीवर सांपडलीं. तें झांकण आम्ही सरकविलें होतें. या वेळीं तसें लगेच सांगून टाकलें.

आतां त्यांचें काय करावें

भाद्रपदापर्यंत ३१ मासे अंगानें भरले आणि काचपेटी अपुरी पडूं लागली. मुलांची इच्छा ते परत कुळागराच्या पाटांत सोडावे अशी होती. आमच्या स्नेह्यांनीं तीस विरोध केला, आणि त्यांचें म्हणणें आम्हांला पटलें. शहरांतील काचपेटींत नाना देशांच्या वनस्पती व मासे येऊन गेलेले असतात. त्यांच्याबरोबरचे रोग रानच्या पाण्यांत जाऊं देणें योग्य नव्हे. चांगल्या हेतूनें पाण्यांत सोडलेला मासा काय करतो, याचा अनुभव जगाला आहे. डास मारण्यासाठीं परदेशांतून आणलेला गॅम्बुसिया मासा १९२८ सालीं आपल्याकडे आला आणि जेथें जेथें तो गेला तेथील लहान देशी जलचरांवर त्यानें संकट आणलें. याच्या उलट, गोव्यांत हिंवतापाविरुद्ध झालेल्या ज्या प्रयोगाचा अहवाल १९९८ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत अप्लोकायलस ब्लॉकाय हा आमच्या माशाचा धाकटा देशी भाऊच साठलेल्या पाण्यांत सोडण्यांत आला होता, आणि शहरी हिंवताप पसरविणाऱ्या अ‍ॅनॉफेलीस स्टीफेन्सी डासाच्या अळ्या त्यानें खाल्ल्या. हें ऐकून वहिनींना माहेरचा अभिमान वाटला असल्यास नवल नाहीं.

म्हणून आमच्या गृहरचना-संस्थेच्या आवारांतील कमळांच्या बंदिस्त टाक्यांत, ज्याचा कोणत्याहि ओढ्या-नदीशीं संबंध नाहीं, १८ मासे सोडले. बाकीचे तीन शेजाऱ्यांच्या घरीं गेले. प्रत्येक शेजाऱ्याबरोबर पुतणीनें एक कोरी वहीहि दिली आणि विचारलें, "तुमच्याकडे खाऊं कोण घालणार?" ज्या गृहस्थांनीं "आम्ही सगळेच घालूं" असें उत्तर दिलें, त्यांना तिनें दुसऱ्या दिवशीं नांव ठरवून यावयास सांगितलें.

एकत्र कुटुंबाचे गुण आम्ही जाणतों आणि त्यांतच राहतों. आजारपणांत, अडचणींत व सणावारीं दहा हात पुढें येतात, हें त्याचें मोठें वैभव आहे. परंतु दहा हात एकाच वाटींत पडूं लागले म्हणजे काय होतें, तें त्या ३४ पिलांनीं आम्हांला शिकविलें. त्यांना प्रेमाची उणीव नव्हती. त्यांचा हिशेब ठेवणारे एकच माणूस होतें, आणि तिलाच आम्हीं दोष दिला. घरांतील मुलांच्या खाण्यापिण्यांत, अभ्यासांत आणि औषधपाण्यांतहि आपण असेंच कांहीं करीत नाहीं ना, हें प्रत्येकानें आपापल्या घरीं पाहावें.

सध्यां तिसऱ्या खेपेचीं अंडीं भांड्यांत आहेत आणि कालच त्यांत डोळे दिसूं लागले. मातोश्री देवपूजा आटोपून भांड्यापाशीं येतात, क्षणभर उभ्या राहतात आणि पुतणीला विचारतात, "आज कांहीं घालावयाचें का ग?" ती वही उघडून पाहते आणि म्हणते, "अजून नाहीं, आजी." मातोश्री मान हालवून परत जातात.